सांध्यातले स्फटिक

दोऱ्यावरच्या खडीसाखरेचा खडा फोडला की आत दोरा सापडतो. तो चुकून पडलेला नसतो. साखरेचा दाट, गरम पाक भांड्यात ओततात, त्यात दोरे ताणून ठेवतात आणि पाक सावकाश निवू देतात. गरम पाण्यात जेवढी साखर विरघळून राहते तेवढी गार पाण्यात राहू शकत नाही. जास्तीची साखर बाहेर पडू लागते, आणि बाहेर पडताना तिला बसायला एखादा आधार लागतो. दोरा हा तो आधार. काकवीची बाटली थंडीच्या दिवसांत फळीवर तशीच राहिली तर तिच्या तळाशी दाणे जमतात, त्याचे कारणही हेच.

विद्यार्थी मित्रांनो, अगदी अशीच क्रिया माणसाच्या पायाच्या अंगठ्यातही घडू शकते. तिथे साखर नसते, असतो यूरिक आम्लाचा एक क्षार. पाक निवण्याचे काम रात्रीचा गारवा करतो आणि दोऱ्याचे काम सांध्यातली कूर्चा करते. या क्रियेतून जो रोग होतो त्याला गाऊट म्हणतात. सांध्यांचे रोग शंभरावर आहेत. त्यांपैकी बहुतेकांचे मूळ कारण पूर्णपणे उलगडलेले नाही. गाऊटचे मात्र कारण कळले आहे, ते सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहता येते आणि औषधाने विरघळवताही येते. तरीही या रोगाने लोक वर्षानुवर्षे कण्हत राहतात. असे का व्हावे, ते या लेखात पाहू या.

वात म्हणजे नेमके काय?

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघालो की यवतच्या पुढे दौंड तालुक्यातले भांडगाव लागते. हा सारा उसाचा आणि गुऱ्हाळांचा पट्टा. इथल्या कोणत्याही गावात पारावर बसलेल्या वडीलधाऱ्यांना विचारा, वाताचा त्रास असलेली माणसे लगेच सापडतील. कोणाचा गुडघा धरलेला, कोणाची कंबर, कोणाची बोटे सकाळी वळत नाहीत. या सगळ्याला आपण एकच नाव देतो, ते म्हणजे वात. पण 'ताप' म्हटल्याने जसा हिवताप की विषमज्वर हे कळत नाही, तसेच 'वात' म्हटल्याने दुखण्याचे कारण कळत नाही. गुडघ्याची कूर्चा झिजणे हे एक दुखणे. शरीराच्या संरक्षक पेशींनी आपल्याच सांध्यांवर उलटणे हे दुसरे. ओझी उचलून आणि दिवसभर वाकून स्नायू आंबणे हे तिसरे. आणि सांध्यात स्फटिक साठणे, म्हणजे गाऊट, हे चौथे. चौघांचे उपचार चार प्रकारचे आहेत.

मग खेड्यातल्या दुखण्यांपैकी कोणते किती? घरोघर जाऊन पाहिल्याशिवाय याचे उत्तर मिळत नाही. ते पाहण्याचे काम याच रस्त्यावर, भांडगावच्या बरेच पुढे असलेल्या भिगवणला झाले. उजनी धरणाच्या फुगवट्यावर येणाऱ्या रोहित पक्ष्यांमुळे हे इंदापूर तालुक्यातले गाव तुम्हांला ठाऊक असेल. जागतिक आरोग्य संघटना आणि सांधेरोगतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी १९८१ साली 'कॉपकॉर्ड' नावाची एक योजना आखली होती. विकसनशील देशांत सांधेदुखीची पाहणी गावागावांतून, कमी खर्चात आणि लोकांच्या मदतीने व्हावी, हा तिचा हेतू. या योजनेखाली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेस या संस्थेने १९९६ साली भिगवणची पाहणी हाती घेतली. प्रशिक्षण दिलेले स्वयंसेवक प्रश्नावली घेऊन घरोघर गेले. ज्यांना दुखणे होते त्यांना डॉक्टरांनी तपासले.

एकूण ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना सांध्यांचा किंवा स्नायूंचा काही ना काही त्रास निघाला. म्हणजे शंभरात अठरा. पण या सर्वांत गाऊटचे प्रमाण किती होते? दर हजार प्रौढांमागे एकाच्या आसपास.

या आकड्यांचा अर्थ नीट लक्षात घ्या. खेड्यात सांधे दुखणारी माणसे पुष्कळ आहेत. त्यांतली फार थोडी गाऊटची आहेत. तेव्हा गुडघा दुखला की 'यूरिक ॲसिड वाढले असेल' असा तर्क लढवणे चुकीचे. पण हजारात एक हेही प्रमाण मोठ्या लोकसंख्येत लहान राहत नाही. २०२० साली जगभर साडेपाच कोटींहून अधिक लोकांना गाऊट असल्याचा अंदाज आहे, आणि खाण्यापिण्याच्या व राहणीच्या बदलत्या सवयींबरोबर तो वाढतो आहे.

मध्यरात्रीचे दुखणे

गाऊटचा झटका ओळखता येण्यासारखा असतो. माणूस रात्री धडधाकट झोपतो आणि पहाटेच्या सुमारास पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागून जागा होतो. सांधा लाल होतो, सुजतो, तापतो. पांघरुणाचा नुसता स्पर्शही सोसवत नाही. निम्म्याहून अधिक रुग्णांत पहिला झटका अंगठ्याच्या मुळाशीच येतो. इतरांत तो घोटा, गुडघा किंवा पावलाच्या मधल्या सांध्यांत येतो. आठ-पंधरा दिवसांत सारे आपोआप शमते आणि माणूस पुन्हा पहिल्यासारखा चालू लागतो.

'आपोआप शमते' हे शब्द विसरू नका. कोणी लेप लावलेला असतो, कोणी तेल चोळलेले असते, कोणी मंतरलेला गंडा बांधलेला असतो. आठ दिवसांनी ठणका थांबला की श्रेय त्या लेपाला, तेलाला किंवा गंड्याला मिळते. काहीही न करताही तो थांबलाच असता, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. एखाद्या उपायाने गुण आला की नाही हे ठरवायचे तर तो उपाय न केलेल्या रुग्णांशी तुलना करावी लागते. वैद्यकातील संशोधनाची ही पहिली पायरी आहे.

पुढे झटके वारंवार येऊ लागतात. वर्षे लोटल्यावर कानाची पाळी, कोपर, बोटांचे सांधे अशा ठिकाणी खडूसारख्या पांढऱ्या पदार्थाच्या गाठी दिसू लागतात. सांध्याची हाडे कुरतडली जातात. काहींना मुतखडे होतात. ज्याचे पोट रोजंदारीवर चालते त्याला झटक्याचे आठ दिवस म्हणजे आठ दिवसांची बुडालेली मजुरी. हा रोग श्रीमंतांचा, असे युरोपात मानत. आपल्याकडे चरकसंहितेत वातरक्त नावाच्या रोगाचे वर्णन आहे. त्याची काही लक्षणे गाऊटशी जुळतात आणि त्याला 'आढ्यवात', म्हणजे धनिकांचा वात, असेही नाव दिलेले आहे. आज मात्र गाऊट गरीब-श्रीमंत पाहत नाही.

यूरिक आम्ल येते कोठून?

आपल्या बहुतेक पेशींच्या केंद्रात डीएनए असतो. त्याच्या चार अक्षरांपैकी ॲडेनीन आणि ग्वानीन ही दोन प्युरीन नावाच्या कुळातली. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी या संयुगातही ॲडेनीन असते. शरीरात रोज असंख्य पेशी मरतात आणि नव्या तयार होतात. जुन्या पेशींतल्या प्युरिनांची मोडतोड होते आणि तिच्या शेवटी उरते ते यूरिक आम्ल. सुमारे दोन-तृतीयांश यूरिक आम्ल अशा घरच्याच मालातून बनते, उरलेले अन्नातल्या प्युरिनांतून. म्हणजे यूरिक आम्ल हे काही विष नव्हे. जगत असलेल्या प्रत्येक शरीराचा तो नित्याचा कचरा आहे.

बहुतेक सस्तन प्राण्यांत हा कचरा आणखी मोडला जातो. त्यांच्याकडे यूरिकेज नावाचे विकर असते. ते यूरिक आम्लाचे रूपांतर सहज विरघळणाऱ्या अलँटॉइनमध्ये करते. माणसाच्या आणि वानरांच्या पूर्वजांत कोट्यवधी वर्षांपूर्वी या विकराचे जनुक बिघडले. ते जनुक आजही आपल्या पेशींत आहे, पण मोडक्या घड्याळासारखे, काम न करणारे. म्हणून बहुतेक सस्तन प्राण्यांच्या तुलनेत आपल्या रक्तात यूरिक आम्ल कितीतरी अधिक असते.

पक्षी यूरिक आम्ल मुद्दाम बनवतात. आपण नको असलेला नायट्रोजन युरियाच्या रूपाने बाहेर टाकतो आणि त्यासाठी पुष्कळ पाणी खर्च करतो. पक्ष्यांना एवढे पाणी वाहून नेणे परवडत नाही. ते नायट्रोजन यूरिक आम्लाच्या रूपाने, जवळजवळ घट्ट अवस्थेत टाकतात. कबुतराच्या विष्ठेतला पांढरा भाग म्हणजे बहुतांशी हेच यूरिक आम्ल. भिगवणच्या पाणथळीवरच्या रोहित पक्ष्यांची विष्ठाही त्याला अपवाद नाही. पालीच्या लेंडीच्या टोकाला दिसणारा पांढरा ठिपकाही तोच.

आपल्या शरीरातून दोन-तृतीयांश यूरिक आम्ल मूत्रपिंडांवाटे आणि उरलेले आतड्यांवाटे बाहेर जाते. मूत्रपिंडात गाळले गेलेले सगळे यूरिक आम्ल लघवीत जात नाही. त्यातले सुमारे नऊ-दशांश पुन्हा रक्तात ओढून घेतले जाते. ते ओढून घेणारे एक महत्त्वाचे प्रथिन जपानी संशोधकांनी २००२ साली शोधून काढले. गाऊटच्या बहुसंख्य रुग्णांत यूरिक आम्ल बनते बेताचेच, पण मूत्रपिंडे ते पुरेसे बाहेर टाकत नाहीत. हा स्वभाव बराचसा आईवडिलांकडून येतो. पाळी जाईपर्यंत स्त्रियांना गाऊट क्वचितच होतो, कारण स्त्रियांची संप्रेरके यूरिक आम्ल बाहेर टाकायला मदत करतात. पुढच्या वयात हा फरक कमी होतो.

अंगठाच का? रात्रीच का?

आता खडीसाखरेकडे वळू. प्रत्येक द्रावणाची एक मर्यादा असते. ठरावीक तापमानाला ठरावीक पाण्यात एवढाच पदार्थ विरघळणार, त्याहून जास्त नाही. रक्तात यूरिक आम्ल सोडियम युरेट या क्षाराच्या रूपात असते. रक्तासारख्या खारट द्रवात, ३७ अंश सेल्सियसला, दर १०० मिलिलिटरला सुमारे ६.८ मिलिग्रॅम एवढी त्याची मर्यादा आहे. ३५ अंशांना ती ६ वर येते आणि ३० अंशांना साडेचारच्या आसपास.

पायाचा अंगठा हृदयापासून सर्वांत दूर. त्याचे तापमान पोटापेक्षा नेहमीच काही अंश कमी असते, आणि रात्री पाय आणखी गार पडतात. पोटाजवळच्या उबदार रक्तात जे युरेट सुखाने विरघळलेले होते त्याला अंगठ्यात गर्दी होते. चालताना अंगठ्याच्या सांध्याला सतत धक्के बसतात, तिथली कूर्चा झिजलेली असते, आणि अशा खरखरीत जागी स्फटिकांना बसायला आधार मिळतो. थंड कानाच्या पाळीत युरेटच्या गाठी का होतात, हेही आता तुम्हांला सांगता येईल.

परंतु मर्यादा ओलांडली की स्फटिक झालेच पाहिजेत, असेही नाही. पाक अतिसंपृक्त असूनही कधी कधी तसाच राहतो, तसेच इथेही होते. रक्तात यूरिक आम्ल जास्त असलेल्या बहुतेक लोकांना गाऊट कधीच होत नाही. उलट ऐन झटक्याच्या वेळी केलेल्या तपासणीत रक्तातले प्रमाण नेहमीसारखे निघू शकते. म्हणून नुसत्या रक्ताच्या आकड्यावरून गाऊट आहे किंवा नाही असे ठरवणे धोक्याचे. खात्री करायची तर सांध्यातला द्रव सुईने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो.

सुया दिसल्या, पण अर्थ लागायला वेळ गेला

हे स्फटिक प्रथम पाहिले ते सूक्ष्मजीवांचे जग उघडून दाखवणाऱ्या डच संशोधक लेवेनहूकने. १६७९ साली त्याने गाऊटच्या गाठीतला पांढरा पदार्थ आपल्या भिंगाखाली धरला. त्याला खडू दिसेल असे वाटले होते. दिसल्या त्या बारीक, लांबट सुया. त्या कशाच्या हे सांगणारे रसायनशास्त्र तेव्हा जन्मलेले नव्हते. १७७६ साली स्वीडनच्या शेलेने मुतखड्यातून यूरिक आम्ल वेगळे केले. १७९७ साली इंग्लंडच्या वोलस्टनने गाऊटच्या गाठीत यूरिक आम्लाचा क्षार असल्याचे दाखवले.

१८४८ साली लंडनचे डॉक्टर आल्फ्रेड बेअरिंग गॅरड यांनी गाऊटच्या रुग्णांच्या रक्तातच जास्तीचे यूरिक आम्ल असल्याचे सिद्ध केले. पुढे त्यांनी त्यासाठी एक साधी परीक्षा बसवली. रक्तातला पेशीविरहित द्रव काचेच्या बशीत घ्यायचा, त्यात थोडे ॲसेटिक आम्ल घालायचे आणि तागाचा एक धागा सोडून बशी एक-दोन दिवस बाजूला ठेवायची. रक्तात यूरिक आम्ल जास्त असेल तर धाग्यावर स्फटिक जमतात. ही दोऱ्यावरची खडीसाखरच झाली! महागडी यंत्रे नव्हती, पण विचार पक्का होता.

तरीही एक दुवा राहिला होता. सुयांमुळेच ठणका लागतो, की सुया आणि ठणका ही दोन्ही तिसऱ्याच कशाची तरी फळे? १९६१ साली अमेरिकेतील मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक वापरून रुग्णांच्या सांध्यातल्या द्रवात युरेटचे चमकणारे स्फटिक दाखवले. पुढच्याच वर्षी फेअर्स आणि मॅकार्टी या दोघांनी युरेटचे स्फटिक स्वतःच्याच गुडघ्यांत टोचून घेतले. काही तासांत दोघांचेही गुडघे सुजले आणि असह्य ठणकू लागले. कारण सिद्ध झाले. (हा प्रयोग करणारे दोघेही डॉक्टर होते. तुम्ही असले धाडस मुळीच करायचे नाही!)

पण सुई टोचते म्हणून दुखते, असे मात्र नाही. स्फटिक महिनोन्महिने सांध्यात गुपचूप पडून असतात. एखाद्या रात्री त्यांतले काही सुटे होतात आणि संरक्षक पेशी त्यांना जंतू समजून गिळतात. जंतू पचवता येतो, स्फटिक पचत नाही. २००६ साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी दाखवले की गिळलेले स्फटिक पेशीच्या आतली एक धोक्याची घंटा वाजवतात. त्या घंटेबरोबर इंटरल्यूकिन-१ हा निरोप्या बाहेर धावतो आणि पांढऱ्या पेशींच्या झुंडी सांध्यात लोटतात. सूज, लाली आणि ठणका ही या चुकीच्या लढाईची धग आहे.

आग विझवणे आणि सरपण काढणे

हे समजले की उपचारांचे दोन भाग सहज लक्षात येतात. झटक्याची आग विझवणे हा एक, आणि स्फटिकांचे सरपण काढून टाकणे हा दुसरा.

आग विझवणाऱ्या औषधांत कोल्चिसीन हे सर्वांत जुने. युरोपातल्या कोल्चिकम या कंदवर्गीय वनस्पतीचा गाऊटवर उपयोग शतकानुशतके होत असे. १८२० साली फ्रान्सच्या पेलेत्ये आणि काव्हाँतू यांनी तिच्यातून हे द्रव्य काढले. ते पांढऱ्या पेशींच्या आतला सांगाडा ढिला करते आणि त्यांची धावपळ थांबवते. पिकांच्या गुणसूत्रांची संख्या दुप्पट करण्यासाठी वनस्पतिशास्त्रज्ञ जे कोल्चिसीन वापरतात ते हेच. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले मिरवणारी कळलावी तुम्ही पाहिली असेल. तिच्या कंदात आणि बियांतही कोल्चिसीन असते. म्हणून कोणी कळलावी उगाळून घेऊ म्हणेल तर त्याला आधी अडवा! औषधाची मात्रा आणि प्राणघातक मात्रा यांत इथे फार थोडे अंतर आहे. कंद खाऊन माणसे दगावलेली आहेत.

सरपण काढण्याच्या औषधामागे एका शिक्षिकेची कथा आहे. गर्ट्रूड एलियन ही रसायनशास्त्राची पदवीधर. ती स्त्री असल्यामुळे प्रयोगशाळा तिला नोकरी देत नसत, म्हणून काही काळ तिने शाळेत शिकवले. १९४४ साली तिला जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हाताखाली संशोधनाची संधी मिळाली. डॉक्टरेट तिने कधीच पुरी केली नाही. रक्ताच्या कर्करोगावरचे एक औषध शरीरात झॅन्थीन ऑक्सिडेज हे विकर झपाट्याने मोडून टाकत असे. त्या विकराला अडवण्यासाठी दोघांनी ॲलोप्युरिनॉल वापरून पाहिले. हेच विकर प्युरिनांपासून यूरिक आम्लही बनवते, त्यामुळे रुग्णांच्या रक्तातले यूरिक आम्ल एकदम खाली आले. ॲलोप्युरिनॉलचा रेणू म्हणजे विकराच्या नेहमीच्या भक्ष्याचा जुळा भाऊ. अणू तेच आणि तेवढेच, मांडणी जराशी निराळी. विकर फसते आणि अडकून पडते. १९६६ पासून हे औषध गाऊटसाठी अमेरिकेत मिळू लागले आणि १९८८ साली एलियन व हिचिंग्ज यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक ब्रिटनच्या जेम्स ब्लॅक यांच्यासह मिळाले. आपल्या पूर्वजांनी हरवलेले यूरिकेज विकर आता औषध म्हणूनही देता येते, पण ते हट्टी आणि गंभीर रुग्णांसाठी.

रक्तातले प्रमाण ६ मिलिग्रॅमच्या खाली ठेवले की द्रावण असंपृक्त होते आणि साठलेले स्फटिक सावकाश विरघळू लागतात. यास महिने, कधी वर्षे लागतात. सुरुवातीला विरघळणारे स्फटिक सुटे होऊन झटके वाढूही शकतात. रुग्णाला वाटते, औषधानेच दुखणे वाढवले, आणि तो गोळी सोडतो. दुसऱ्या बाजूला, वर्षभर ठणका नसला की 'आता बरे झाले' म्हणूनही गोळी सोडली जाते. पाक पुन्हा दाट होतो आणि दोऱ्यावर पुन्हा खडे चढतात. उपाय माहीत असूनही लोक कण्हत राहतात त्याचे सर्वांत मोठे कारण हेच. ॲलोप्युरिनॉलने क्वचित एखाद्याला गंभीर पुरळ उठते. तसे झाल्यास गोळी थांबवून तत्काळ डॉक्टरांकडे जायला हवे.

डाळ सोडावी का?

गाऊट म्हटले की आपल्याकडे डाळी, पालक, टोमॅटो यांवर बंदी येते. अमेरिकेत ४७,१५० पुरुषांची बारा वर्षे नोंद ठेवून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. मांस आणि मासे अधिक खाणाऱ्यांत गाऊट जास्त आढळला. प्युरीनयुक्त भाज्या खाणाऱ्यांत तो वाढला नाही, आणि दूधदुभते घेणाऱ्यांत तर कमी आढळला. तेव्हा गरिबाच्या ताटातले वरण काढून घेण्यास आधार नाही. टाळायचे ते कलेजीसारखे अवयवांचे मांस, दारू आणि त्यातही बिअर.

आणखी एक वस्तू आहे, आपल्या उसाच्या पट्ट्याला जवळची. साखरेचा रेणू म्हणजे अर्धा ग्लुकोज, अर्धा फ्रुक्टोज. फ्रुक्टोज यकृतात आले की त्याच्यावर इतक्या घाईने प्रक्रिया होते की पेशीतला एटीपीचा साठा झपाट्याने खर्ची पडतो. त्या मोडलेल्या एटीपीतून यूरिक आम्ल तयार होते. साखर घातलेली शीतपेये रोज दोन किंवा अधिक पिणाऱ्या पुरुषांत गाऊटचा धोका ८५ टक्क्यांनी जास्त असल्याचे २००८ सालच्या एका अभ्यासात दिसले. गुळाच्या एका खड्याने कोणाला गाऊट होत नाही. पण पाण्याऐवजी रोज गोड पेयांच्या बाटल्या रिचवणे ही निराळी गोष्ट आहे.

गिधाडांनी दिलेला इशारा

वाताच्या नावाखाली वेदनाशामक गोळ्या कोणाच्याही सल्ल्याशिवाय रोज खाणे ही आपल्याकडची सर्रास सवय. ठणका थांबतो, स्फटिक तसेच राहतात, आणि दीर्घकाळ घेतलेल्या या गोळ्या मूत्रपिंडांना इजा करू शकतात. यूरिक आम्ल बाहेर टाकणारे मूत्रपिंडच दुबळे झाले तर काय होते, हे निसर्गाने आपल्याला एकदा फार कठोरपणे दाखवले आहे. १९९० नंतर भारतातली गिधाडे झपाट्याने मरू लागली. काही जातींतली शंभरातली पंचाण्णवहून अधिक गिधाडे नाहीशी झाली. मेलेल्या पक्ष्यांच्या हृदयावर आणि यकृतावर पांढरा थर आढळे. तो यूरिक आम्लाचा होता. कारण २००४ साली उघड झाले. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करत होते. २००६ साली भारताने गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. माणूस म्हणजे गिधाड नव्हे. आपली मूत्रपिंडे हे औषध त्यांच्याहून पुष्कळ चांगले सोसतात. पण सोसण्यालाही सीमा असते, विशेषतः उतारवयात.

म्हणून घरात कोणाचा अंगठा रात्री अचानक सुजून लाल झाला तर त्याला वात म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा आणि नेमके नाव विचारा. नाव कळले की उपाय कळतो, आणि या रोगाचा उपाय खरोखरच हाताशी आहे.

करून पाहा

मोठ्यांच्या मदतीने एक पेला कढत पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी विरघळवा. पेल्यावर काडी आडवी ठेवून तिला बांधलेला दोरा आत सोडा आणि पेला दोन दिवस न हलवता ठेवा. दोऱ्यावर स्फटिक जमतील. त्यांतले दोन साधारण सारख्या आकाराचे स्फटिक निवडा. एक स्फटिक त्याच उरलेल्या द्रावणात झाकून ठेवा. दुसरा साध्या पाण्यात ठेवा आणि पाणी रोज बदला. दोघांचे आकार रोज वहीत लिहा. कोणता स्फटिक विरघळतो, कोणता तसाच राहतो? नंतर विरघळत आलेला स्फटिक पुन्हा तुरटीच्या दाट द्रावणात सोडून पाहा. गाऊटच्या रुग्णाने बरे वाटू लागल्यावरही औषध का सोडू नये, याचे उत्तर तुम्हांला त्या पेल्यात दिसेल.